रकान्यातली मासोळी

लझर वाचला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ही गोष्ट जीव मुठीत धरून वाचायला नको. मी तो दिवस तसाच काढला होता आणि त्या मुठीला अजून कळ येते.

आमचं गाव खाऱ्या तळ्याच्या काठचं, खजुराच्या बागांचं, आणि लझर हा गावातला सगळ्यात उंच माणूस. उंची तशी बेताचीच, पण दिवसातले आठ तास तो झाडाच्या शेंड्यावर असायचा. वसंतात नर झाडाचा फुलोरा मादी झाडात नेऊन बांधायचा असतो, त्या कामात त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. एकदा तो इतक्या उंच झाडावर चढला की खाली उतरेपर्यंत खजूर पिकला होता म्हणतात. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण तो खजूर खाल्लाय.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या हृदयातली एक झडप कुरकुरायला लागली. किनाऱ्यावरच्या शहरातल्या डॉक्टरांनी ती बदलली आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या. रोज दोन, असं बजावून सांगितलं. आता, जन्मात कधी खजूर जोडीनं न खाल्लेल्या माणसाला रोज दोन गोळ्या सांगणं म्हणजे काय, हे शहरातल्यांना कसं कळावं. आमच्याकडे खजूर तोंडात टाकायचा तो एक, तीन, पाच, सात. चौथा हातात आला की पाचवा घ्यावाच लागतो. लझरनं महिनाभर दोन घेतल्या, पण त्या त्याच्या घशाखाली धड उतरेनात. एकीनं भागेल असं वाटेना, म्हणून तो बायकोला न सांगता तीनवर गेला.

पुढचा महिना संपता संपता त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग नाकातून. आणि चैत्रासारख्या कोवळ्या उन्हाच्या दिवसांतल्या एका गुरुवारी सकाळी त्यानं रक्ताची उलटी केली. सात वाजता त्याच्या दोन मुलांनी त्याला टेंपोत घालून आमच्या इस्पितळात आणलं. मागून त्याची बायको, मन्नूबिया, पायीच आली, आणि टेंपोच्या आधी पोचली. ती रागात असली की असंच चालते.

इस्पितळाच्या रक्तपेढीत तेव्हा मी होतो. तीस वर्षं होतो. माझं नाव ख्मायस, म्हणजे गुरुवारी जन्मलेला. गुरुवार पाचवा दिवस आणि पाच हा आकडा दृष्टीवर उतारा, त्यामुळे माझी हाकसुद्धा ताईत म्हणून चालते असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी ते कितपत खरं आहे ते बघायची वेळ आली.

डॉक्टर इन्साफ आठ महिन्यांपूर्वी किनाऱ्यावरून आमच्याकडे आलेली. तिशीची, बारीक, बोलायला मऊ आणि कामाला कडक. तिनं लझरचं रक्त तपासलं आणि म्हणाली की हे रक्त नाही, हे नळाचं पाणी आहे, गोठायचं नावच घेत नाही. तिनं गोठण्याचं इंजेक्शन दिलं, पण ते काम करायला संध्याकाळ होणार होती आणि लझरकडे तेवढा वेळ नव्हता. तोवर त्याला प्लाझ्मा हवा होता. लाल पेशी वेगळ्या काढल्या की रक्तातून जे गवताच्या रंगाचं पिवळं पाणी उरतं तो प्लाझ्मा. रक्त गोठवायची सगळी करामत त्यात असते. लझरचा गट एबी, आणि त्याला प्लाझ्माही एबीचाच लागणार. माझ्या शीतपेटीत बाकी सगळ्या गटांचा होता, एबीचा नव्हता. शहरातून मागवावा तर दक्षिणेचा वारा सुटलेला. रस्त्यावर वाळू अशी उडत होती की सकाळी निघालेला एक ट्रक दुपारी परत आला तो दुसऱ्याच रंगाचा होऊन.

मग घरच्यांचे गट तपासले. गावात हजर असलेले दोघे मुलगे, एक निघाला ए आणि एक बी, जणू आईबापांनी आपापली वाटणी करून दिली होती. मुली सासरी, बाकीचे मुलगे परदेशात नाहीतर वाळूच्या पलीकडे. राहिली मन्नूबिया. तिचं बोट टोचलं, तर एबी.

“माझं घ्या,” ती बाही वर करत म्हणाली. “लग्नापासून त्यानं माझं रक्त आटवलंच आहे. आज नळीनं पिऊ दे.”

आता मला माझी चूक सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातून झाला.

रक्त देणाऱ्यानं एक अर्ज भरायचा असतो. त्यात बायकांसाठी एक रकाना आहे: आजवर किती वेळा दिवस गेले. राजधानीतून आलेल्या परिपत्रकात लिहिलं होतं की ज्या बाईला कधी दिवस गेले असतील तिचं लाल रक्त चालेल, पण प्लाझ्मा रोग्याला देऊ नये. का, ते चार पानं पुढे लिहिलं होतं आणि मी दुसऱ्या पानावर झोपलो होतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईला तो प्रश्न विचारला. तिनं पाची बोटं माझ्या तोंडासमोर धरली, उठली, आणि तिच्यामागून रांगेतल्या सगळ्या बायका उठल्या. पुढचे सहा महिने एक बाई रक्त द्यायला आली नाही. आमच्याकडे मेंढ्या मोजतात, खजुराची झाडं मोजतात, तीही जरा हळू आवाजात. दुसऱ्याची मुलं कुणी मोजत नाही. विचारलंच तर आई म्हणते, देवानं दिली तेवढी, आणि विषय हवामानाकडे वळवते. तेव्हापासून मी त्या रकान्यात आकड्याऐवजी एक छोटी मासोळी काढायला लागलो. मासोळी आमच्या दारावर असते, नवरीच्या उशीवर असते, उंबऱ्याखाली तिची शेपटी पुरतात. ती स्वतः कधी डोळा मिटत नाही, तिच्यापुढे दुसऱ्याची नजर काय टिकणार.

पुष्कळ वर्षं त्या मासोळ्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही. प्लाझ्मा वेगळा करायचं काम शहरातल्या मोठ्या पेढीत व्हायचं आणि तिथले लोक बाईचा प्लाझ्मा सरसकट बाजूला काढायचे. पण त्याच हिवाळ्यात आमच्याकडे स्वतःचं यंत्र आलं. ते दंडातून रक्त घेतं, पिवळं पाणी ठेवून घेतं आणि लाल भाग परत देतं. मला त्याचं इतकं कौतुक की मी रोज त्याला सुप्रभात म्हणायचो.

त्या यंत्राला जोडलेली मन्नूबिया तासभर त्याच्याकडे टक लावून बसली. दोन पिशव्या भरल्या. तपासण्या झाल्या. इन्साफनं मला घाईत विचारलं की अर्ज नीट भरलाय ना. मी म्हणालो, एकही रकाना रिकामा नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

अकराच्या सुमारास पहिली पिशवी लझरला लावली. अर्धी होईपर्यंत तो बरा होता, मला विचारत होता की वाऱ्यानं फुलोरा झडला का. मग त्याला हुडहुडी भरली. मग तो बोलता बोलता थांबला, उठून बसला, आणि माशासारखा तोंड उघडून हवा शोधायला लागला. ओठ जांभळे झाले. तोंडाशी गुलाबी फेस आला. छातीला नळी लावून इन्साफनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. आत पाणी खळखळत होतं.

तिनं पिशवी बंद केली, ऑक्सिजनचा मुखवटा चढवला आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. फोन भिंतीवरचा, त्यामुळे अर्धं बोलणं मला आपोआप ऐकू आलं आणि उरलेलं अर्धं मी जवळ जाऊन ऐकलं. दोनच शक्यता होत्या. एक, झडपेचं हृदय थकलं आणि छातीत पाणी चढलं. तसं असेल तर लघवीचं औषध द्यायचं, पाणी उतरवायचं आणि मग दुसरी पिशवी लावायची, कारण पोटातला रक्तस्राव अजून चालूच होता. दुसरी शक्यता अशी की पिशवीतल्या प्लाझ्माची आणि लझरच्या रक्ताची आपसात जुंपली असेल. मग लघवीचं औषध त्याला आणखी खचवणार, आणि दुसरी पिशवी म्हणजे सरळ कबर. मोठे डॉक्टर म्हणाले की झडपेचा रोगी असला की दहांत नऊ वेळा हृदयच असतं. देणारा कोण आहे? बाई? किती बाळंतपणं? एखाददुसरं असेल तर मी हृदयच धरेन. आकडा सांगा.

इन्साफनं अर्ज उचलला. रकाना शोधला. माझ्याकडे बघितलं.

“ख्मायसकाका, हे काय आहे?”

“मासोळी.”

“मी समजत होते ही तुमची बरोबरची खूण आहे.” तिनं अर्ज हळूच खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “किती मुलं आहेत त्यांना?”

मी म्हणालो, पुष्कळ.

“पुष्कळ म्हणजे तीन की तेरा? आमच्या इमारतीत दोनला पुष्कळ म्हणतात.”

मला खरंच माहीत नव्हतं. तीस वर्षं शेजार आहे, पण मोजलं कुणी? आणि जी पोटातच राहिली नाहीत ती शेजाऱ्याला कशी दिसणार. मुलांना विचारलं, तर दोघांनी एका सुरात सांगितलं की आईला विचारा. म्हणून आम्ही बाहेरच्या बोळात गेलो. मन्नूबिया खिडकीखालच्या बाकावर बसलेली होती, दंडाला कापूस धरून. दाराच्या फटीतून तिला लझर दिसत होता.

इन्साफ तिच्यापुढे उकिडवी बसली. मावशी म्हणाली. समजावून सांगितलं की एका आकड्यावर लझरकाकांचा श्वास अडकलाय.

मन्नूबियानं मान हलवली. ती हट्टानं नाही म्हणत नव्हती, हे मला ठाऊक होतं, कारण तिची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. फार वर्षांपूर्वी शिरगणतीवाला आला होता. तरुण, शहरी, छातीला पेन लावलेला. त्यानं विचारलं आणि मन्नूबिया तेव्हा तरुण होती, अभिमानी होती. तिनं दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आकडा सांगितला. चाळीस दिवसांच्या आत तिचं सगळ्यात धाकटं तापानं गेलं. त्यानंतर त्या घरात भाकऱ्यासुद्धा कुणी मोजल्या नाहीत.

“आकडा सांगितला तर पोर जातं,” ती म्हणाली. “नाही सांगितला तर नवरा जातो. पोरी, तू शिकलेली आहेस. तू सांग, मी कुठला हात तोडू?”

आतून लझरचा श्वास ऐकू येत होता, ओल्या पोत्यावर करवत चालवावी तसा. मी माझं नावही पुढे करून पाहिलं. आमच्याकडे मानाच्या बाईला लल्ला म्हणतात, म्हणून म्हटलं, लल्ला मन्नूबिया, माझ्या कानात सांग, मी गुरुवारचा आहे, आज गुरुवारच आहे, दृष्ट माझ्यापाशी अडेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो.

मग तिनं विचारलं, किती वाजले.

मी म्हणालो, बारा होत आले.

“मग पोरांच्या जेवणाची वेळ झाली,” ती म्हणाली आणि उठली.

तिनं खिडकी उघडली. वाळूचा लोट आत आला, बोळातले कागद उडाले. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ज्या आवाजानं ती तीस वर्षं गच्चीवरून बागेत हाक मारत होती त्याच आवाजानं, समोर कुणी नसताना, वाऱ्यात हाक मारायला सुरुवात केली.

“ए मुख्तार, ये, भात निवतोय. ए दलिंदा, हात धुऊन ये. ए फरजानी, त्या गाढवावरून उतर आधी. ए बय्या, ए शादलिया, दोघी भांडू नका...”

मला पहिल्यांदा वाटलं की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण इन्साफकडे पाहिलं तर ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि पाठीमागे तिची बोटं एकेक करून मिटत होती. आईनं पोरांना जेवायला बोलावणं म्हणजे काही मोजणं नव्हे. त्यात दृष्ट लागायला काय आहे. ऐकणाऱ्यानं बोटं मिटली तर तो त्याचा प्रश्न.

सगळी नावं मी इथे लिहिलेली नाहीत आणि क्रमही बदललाय. तुम्ही मोजत असाल तर सोडून द्या.

मध्ये एक नाव तिनं हळू उच्चारलं, जवळ झोपलेल्याला उठवावं तसं. ते धाकट्याचं होतं. आणि दोन वेळा असं झालं की तिनं श्वास घेतला, ओठ उघडले आणि नाव न घेताच पुढे गेली. दोन्ही वेळा इन्साफचं एक बोट मिटलं. मग तिच्या एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटचं नाव घेऊन मन्नूबियानं खिडकी लावून घेतली, डोक्यावरची वाळू झटकली आणि बाकावर बसली.

इन्साफ फोनकडे धावली. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा आकडा मागितला. ती म्हणाली, “सर, दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत.”

मग त्यांनी विचारलं, सगळी त्याच नवऱ्याची? ती म्हणाली, हो. ते म्हणाले, दुसरी पिशवी खोलीबाहेर काढा, लघवीचं औषध ट्रेमधून उचला, ऑक्सिजन दाबानं द्या, आणि दुसरा एबी शोधा, असा की जो कधी आई झाला नाही.

गावात दुसरा एबी होता.

हे लिहिताना मला अजून खाली बघावंसं वाटतं. देणाऱ्यांच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, कारण वही लिहिणारा तोच होता. तीस वर्षं मी गावाच्या दंडांत सुया टोचल्या, पण माझ्या दंडात सुई गेली नव्हती. लहानपणी एकदा देवी टोचायला माणूस आला तेव्हा मी विहिरीत उतरून बसलो होतो, आणि नोकरीच्या वेळी बोट टोचून गट तपासला तेवढ्यानं दोन दिवस तापलो होतो. सकाळी सगळ्यांचे गट तपासत असताना माझा गट मी जिभेखाली धरून ठेवला होता. मी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर मन्नूबियाला बाही वर करावीच लागली नसती.

मी इन्साफला सांगितलं. तिनं फक्त यंत्राकडे बोट केलं.

मी खुर्चीत बसलो तेव्हा मन्नूबिया आत आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. मला वाटलं आता ती मला माझ्याच यंत्राच्या नळीनं बांधणार. तिनं माझा दुसरा हात हातात घेतला, घट्ट, बाळंतिणीचा धरतात तसा.

“तीस वर्षं गावाला टोचलंस, मेल्या,” ती म्हणाली, “आणि तू स्वतः एवढा कोरा? डोळे मीट. मी पुष्कळ वेळा याहून मोठं दुखणं काढलंय. किती वेळा ते विचारू नकोस.”

मी डोळे मिटले. पुढचं मला आठवत नाही, कारण मी बेशुद्ध पडलो. पण यंत्राला त्याचं काही नव्हतं, त्यानं आपलं काम केलं.

माझ्या प्लाझ्माची पिशवी लझरला लागली तेव्हा इन्साफ घड्याळ हातात धरून त्याच्या उशाशी उभी होती आणि आम्ही सगळे दाराशी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही झालं नाही. हे काही न होणं किती सुंदर असतं ते त्या दिवशी कळलं. माझा प्लाझ्मा लझरच्या अंगात शिरला आणि कोपऱ्यात पाहुण्यासारखा गप्प बसला. तिसऱ्या प्रहरी पोटातलं रक्त थांबलं. सुईच्या जागेवरचं रक्तसुद्धा धरू लागलं. छाती मात्र भरलेलीच होती, आणि ती तशी दोन दिवस राहणार असं इन्साफनं सांगितलं होतं. आता वाट बघायची, ती म्हणाली, फुप्फुसांना कुणी हुकूम देऊ शकत नाही.

शुक्रवारी करवतीचा आवाज बारीक झाला. शनिवारी वारा पडला, तळं पुन्हा चमकायला लागलं, आणि लझरनं मुखवटा बाजूला करून फुलोऱ्याची चौकशी केली. इन्साफ बोळात आली, भिंतीला टेकली आणि एकटीच हसली. मग तिनं माझ्याकडे बघून ते हसू आवरलं, कारण माझ्यावर रागवायचं अजून बाकी होतं. ते तिनं नंतर नीट, दार लावून, पाऊण तास केलं. एकही शब्द वाया गेला नाही.

त्यानंतर सगळं काय झालं ते तिनं लझर आणि मन्नूबियाला एकत्र बसवून सांगितलं. मीही होतो. परिपत्रकाची ती चार पानं मला अशी कळली. प्रत्येक मूल अर्धं आईचं, अर्धं बापाचं. पोटात असताना बापाकडून आलेली खूण आईच्या रक्ताला परकी वाटते, म्हणून ते त्या खुणेवर पहारेकरी नेमतं. बाळाला ते काही करत नाहीत. पण बाळंतपण झालं तरी सगळे घरी जात नाहीत. पुढचं मूल, आणखी पहारेकरी. मन्नूबियाच्या प्लाझ्मात अशी लझरच्या खुणेवर डोळा ठेवून असलेली फौजच होती. तिला तिचा काही त्रास नव्हता. पण ती फौज लझरच्या अंगात ओतली आणि तिथे तर जिकडे पाहावं तिकडे तीच खूण. पहारेकऱ्यांनी त्याच्या पांढऱ्या पेशींना पकडलं. पांढऱ्या पेशी म्हणजे लझरचे स्वतःचे शिपाई. ते बिथरले, फुप्फुसात गोळा झाले आणि तिथल्या केसाएवढ्या नळ्या त्यांनीच फाडल्या. पाणी झिरपलं ते त्यातून. दुसऱ्या कुणाला दिला असता तर कदाचित काही झालं नसतं. नवऱ्याला देणं म्हणजे पत्ता लिहून पाठवणं.

लझरनं मुखवटा बाजूला केला.

“म्हणजे घरात भांडून भागलं नाही,” तो म्हणाला. “नळीतून आत आली.”

“अर्ध्या पिशवीनं ही गत,” मन्नूबिया म्हणाली. “बाकीची अजून माझ्यापाशी आहे, लक्षात ठेव. आणि गोळ्या किती घ्यायच्या सांगितल्या होत्या रे तुला?”

लझरनं हळूच मुखवटा पुन्हा तोंडावर ओढून घेतला. तिन्ही गोळ्यांची गोष्ट बाहेर आली ती अशी. इन्साफनं कपाळाला हात लावला नाही, वाद घातला नाही. कागद घेतला, आकडेमोड केली आणि हलक्या ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज तीन. तिला आमचं गाव आता समजायला लागलं होतं. लझरचं रक्त तेव्हापासून एकदाही बिघडलेलं नाही.

दुसरी पिशवी इन्साफनं शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवली. तिथून उत्तर आलं की असा प्लाझ्मा त्यांनी क्वचितच पाहिला असेल. मी गावात सांगतो की त्यांनी ती पिशवी दोन कुलपांत ठेवली आणि बाहेर हवालदार बसवला. कुणी अजून मला खोटं पाडलेलं नाही.

अर्जातला रकानाही तसाच आहे, पण आता तिथे मासोळी नसते. इन्साफनं मला बायकांना विचारायचा नवा प्रश्न शिकवला: तुमच्या पोटचं कुणी तुम्हाला आई म्हणतं का, किंवा म्हणणार होतं का? याला हो म्हणायला कुणाला भीती वाटत नाही. हो म्हणणाऱ्या बाईचं रक्त घ्यायचो, लाल भाग ठेवायचो, पिवळा बाजूला काढायचो. आकडा मी कधी विचारला नाही. निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोरीलाही मी तेच शिकवून आलो. आणि वर्षातून तीनदा बाही वर करून मी स्वतःही यंत्रापुढच्या खुर्चीत बसायचो, वय झाल्यामुळे त्यांनी नाही म्हणेपर्यंत. दर वेळी बेशुद्ध पडायचो. एक गोष्ट मात्र शपथेवर सांगतो: हातभर लांब खजुराच्या काट्याला कधी न भिणारा लझर, माझा प्लाझ्मा अंगात गेल्यापासून सुई दिसली की डोळे मिटतो.

मन्नूबियाला मात्र त्यानंतर बरेच दिवस झोप नव्हती. इस्पितळाच्या खिडकीतून नावं गेली होती, एका परक्या मुलीनं बोटं मिटली होती, आणि तो बोटांचा हिशेब कुठेतरी कागदावर गेलाच असणार. ती रोज सासरी गेलेल्या मुलींना फोन करायची, परदेशातल्या मुलांना करायची, कुणाला ताप तर नाही ना. चाळीस दिवस ती ते करत राहिली. ते चाळीस दिवस उलटल्यावरचा पहिला शुक्रवार होता. मी घरी एकटाच कांदा चिरत होतो. लग्न केलेलं नाही मी. सुईला भिणारा माणूस लग्नाला काय तोंड देणार.

गच्चीवरून तिची हाक आली. लझर बागेत झाडावर होता, घरी आलेले दोन मुलगे खाली फुलोऱ्याचे झुबके कापत होते, तरी तिनं सगळ्यांची नावं घेतली, समोर असलेल्यांची आणि नसलेल्यांची, एक हळू आवाजात. मी कांदा चिरता चिरता ऐकत होतो. शेवटचं नाव झालं. मी सुरी खाली ठेवली, कारण हाक संपली नव्हती.

“ए ख्मायस,” ती ओरडली, “मेल्या, कुसकुस निवतोय.”

मी गेलो. वाफवलेल्या रव्याचा तो कुसकुस जेवताना तिला विचारलं की हे काय नवीन. तिनं मांसाचा तुकडा माझ्या पानात टाकला आणि खालच्या आवाजात सांगितलं की त्या दिवशी ज्यानं कुणी मोजलं असेल त्यानं मोजलं ते आता खरं नाही. एक वाढला. नजर आता येईल ती जुना पत्ता घेऊन, फिरेल आणि निघून जाईल.

“आणि तो एक आहे तरी कसा,” लझर झाडावरून उतरून हात धुताना म्हणाला, “त्याला कुणाची दृष्ट लागणार.”

तेव्हापासून दर शुक्रवारी मी तिथेच जेवतो. मुलं सगळी सुखरूप आहेत, देवानं दिली तेवढी. जेवण झालं की मन्नूबिया खजुराची थाळी पुढे करते, आणि मी एक घेतो, किंवा तीन.